पेटीवरचे दुसरे छप्पर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत किंवा पुण्याबाहेर चाकणच्या बाजूला मोठमोठ्या बांधकामांच्या आवारांत लोखंडी कंटेनर ओळीने मांडलेले दिसतात. त्यांतील काहींत ठेकेदाराचे कार्यालय असते, काहींत सिमेंटच्या गोण्या आणि हत्यारे असतात, आणि उरलेल्यांत माणसे राहतात. कोणत्या पेटीत काय आहे हे ओळखण्यासाठी आत डोकावण्याची गरज नसते. ज्या पेटीला वातानुकूलन यंत्र लावले आहे ते कार्यालय, जिला भलेमोठे कुलूप आहे ते गोदाम, आणि वैशाखातल्या रात्री जिच्या बाहेर जमिनीवर माणसे पथाऱ्या टाकून पडली आहेत ते कामगारांचे घर. घर असूनही माणूस घराबाहेर का झोपतो, या साध्या प्रश्नापासून आजच्या विषयाला आरंभ करणे योग्य ठरेल.

विषय वरकरणी क्षुल्लक आहे. कंटेनरवर पत्र्याचे छप्पर आणि पुढे पडवी कशी घालावी, एवढाच तो आहे. जमीनसुधारणा आणि किमान वेतन यांवर चर्चा करणाऱ्या अभ्यासवर्गात पत्र्याच्या छपराला एक तास कशासाठी द्यावा, असे एखाद्याला वाटण्याचा संभव आहे. परंतु मागणी नेमकी नसली म्हणजे ती मान्य होऊनही कामगाराच्या पदरात काहीच पडत नाही, हा अनुभव चळवळीला नवा नाही. ‘कामगारांना उष्णतेपासून संरक्षण मिळाले पाहिजे’ एवढेच निवेदनात लिहिले, तर ठेकेदार कंटेनरच्या टपावर आणखी एक पत्रा ठोकून देतो आणि मागणी पूर्ण झाल्याची सही घेऊन मोकळा होतो. पेटीतली उष्णता मात्र होती तेवढीच राहते. ती का राहते हे कार्यकर्त्याला सांगता आले नाही, तर वाटाघाटीच्या टेबलावर त्याला गप्प बसावे लागते. म्हणून आधी ही पेटी समजून घेतली पाहिजे.

पेटी कोठून आली

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ह्यूस्टनकडे निघाले. त्याच्यावर ५८ पेट्या होत्या. माल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या व्यावसायिकाची ती कल्पना होती. मालाची एकेक गोणी आणि एकेक खोका उचलण्याऐवजी भरलेली पेटीच यंत्राने उचलावी, आणि तीच पेटी जहाजावरून मालमोटारीवर व तेथून आगगाडीवर न उघडता जावी, असा तो विचार होता. १९६८ पासून या पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणाने निश्चित होत गेली. आज २० फुटी म्हणून ओळखली जाणारी पेटी ६.०५८ मीटर लांब, २.४३८ मीटर रुंद आणि साधारणतः २.५९१ मीटर उंच असते, मग ती कोणत्याही देशात घडवलेली असो.

या एका कल्पनेने जगभरच्या गोद्यांमधील कामाचे स्वरूप पालटले. ज्या जहाजावरचा माल उतरविण्यास माणसांच्या टोळ्यांना अनेक दिवस लागत, ते काम क्रेन काही तासांत करू लागली. पाठीवरचे ओझे गेले ही गोष्ट चांगलीच झाली. पण ओझ्याबरोबर कामही गेले. मुंबईच्या गोदी कामगारांना संघटित करणाऱ्या पी. डिमेलो यांच्या नावाचा रस्ता आजही गोदीच्या कडेने जातो, परंतु त्या रस्त्याने पूर्वी पाळीवर जाणारे कामगारांचे लोंढे आता दिसत नाहीत. कंटेनरची मोठी वाहतूक खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे गेली. तेथील बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच परिसरातील शेतकऱ्यांनी नव्या मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला होता, आणि जानेवारी १९८४ मधील गोळीबारात पाच जणांचे बळी गेले होते, हे येथे विसरून चालणार नाही.

समुद्रप्रवासातून निवृत्त झालेल्या पेट्या आज याच मुलखात विकल्या जातात आणि बांधकामांच्या आवारांत येऊन पडतात. ज्या पेटीने कामगाराच्या हातचे काम काढून घेतले, तिच्यातच झोपण्याची पाळी दुसऱ्या कामगारावर आली आहे. हा कामगार बिहार-झारखंडचा असेल, बंगालचा असेल किंवा मराठवाड्यातला असेल. गोदीशी त्याचा काही संबंध नसेल. तरीही या दोघांची गोष्ट एकच आहे, आणि ती लक्षात ठेवून पुढचा तांत्रिक भाग ऐकावा.

पेटीचे बळ कोपऱ्यांत

कंटेनर पाहिला म्हणजे तो सगळीकडून सारखाच भक्कम वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्याचे बळ चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि त्या खांबांच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या आठ ओतीव ठोकळ्यांत असते. जहाजावर एकावर एक पेट्या रचल्या जातात तेव्हा वरच्या पेट्यांचा सारा भार या खांबांवरून खाली उतरतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार प्रत्येक पेटीच्या दारावर धातूची पाटी असते आणि तीवर रचाईचा भार नोंदलेला असतो. जुन्या पेट्यांवर १,९२,००० किलो हा आकडा सर्रास वाचायला मिळतो.

याउलट टपाचा पत्रा साधारण दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची कसोटी घेतात ती ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद एवढ्या जागेवर ३०० किलो वजन ठेवून. म्हणजे दुरुस्तीसाठी वर चढलेली दोन-तीन माणसे पेलावीत एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. यावरून पहिला नियम निघतो. दुसऱ्या छपराचे पाय टपाच्या पत्र्यावर टेकवू नयेत; ते कोपऱ्यांच्या ठोकळ्यांवर आणि कडेच्या तुळईवर उभे करावेत. टपाला भोके पाडून स्क्रू मारणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय. पेटीचे पोलाद गंजाला तोंड देणारे असते खरे, पण भोकाच्या उघड्या कडेला आणि दोन पत्र्यांच्या फटीत साचलेल्या पाण्याला ते फार काळ दाद देत नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्या भोकांतून आतल्या अंथरुणावर थेंब पडू लागतात.

आणखी एक सावधगिरी हवी. साइटवरचा प्रत्येक डबा जहाजावरून आलेला असतोच असे नाही. पुष्कळसे डबे स्थानिक कारखान्यांत पातळ पत्रा आणि अँगल जोडून तयार करतात. त्यांना कोपऱ्यांचे ओतीव ठोकळे नसतात. अशा डब्यावर छपराचा कोणताही भार टाकू नये; छपराचे खांब स्वतंत्रपणे जमिनीतच रोवावेत. कार्यकर्त्याने साइटवर गेल्यावर आधी कोपरा पाहावा, मग बोलावे.

ऊन किती आणि कोठून

उन्हाळ्यातील भर दुपारी एक चौरस मीटर आडव्या पृष्ठभागावर सुमारे एक हजार वॅट एवढी सूर्याची शक्ती पडते. २० फुटी पेटीच्या टपाचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे हजार वॅटच्या पंधरा शेगड्या टपावर पेटवून ठेवाव्यात, असा तो हिशेब झाला. पेटीचा रंग गडद तांबडा किंवा निळा असेल तर यातील बहुतेक उष्णता पत्रा शोषून घेतो आणि आत झोपलेल्या माणसाच्या अंगावर सोडतो. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यास सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतींपेक्षा टपच अधिक तापतो. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला याच वेळी झोपायचे असते, आणि तान्ही मुले घेऊन मागे राहिलेल्या स्त्रियांना याच वेळी आत बसायचे असते.

सूर्य मावळल्यावर पोलादाचा पत्रा तसा लवकर निवतो. पण आतली जमीन, अंथरुणे आणि सामान तापलेलेच असते, आणि त्यात माणसांची भर पडते. निजलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे ८० वॅट उष्णता बाहेर पडते. पेटीच्या आत जेमतेम १४ चौरस मीटर जागा मिळते. तेथे आठ माणसे ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन चौरस मीटर जागा येते, आणि सर्वांची मिळून साडेसहाशे वॅटची एक शेगडी रात्रभर आत जळत राहते. वारा आरपार खेळत नसेल तर ही उष्णता आणि श्वासातील वाफ आतच कोंडते. पहाटे टप थंड होतो, तेव्हा हीच वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन अंगावर ठिबकते. दारातून दिसणाऱ्या मोकळ्या जमिनीवर माणूस का झोपतो, याचे उत्तर हे आहे.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे एका शासकीय समारंभात लोक भर उन्हात तासन्‌तास बसले होते. त्यांतील १४ जण पुढे दगावले. तो एका दिवसाचा प्रसंग होता. बांधकाम मजूर तोच उन्हाळा रोज भोगतो, आणि दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीची विश्रांती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी परातीवर उभे राहिलेल्या माणसाचा तोल केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

दुसरे छप्पर कसे असावे

उपाय महाग नाही, आणि या मातीला तो अपरिचितही नाही. कोकणातील घराला पडवी असते, पाखे भिंतीच्या पुष्कळ पुढे येते, आणि आढ्याखालच्या पोकळीतून वारा वाहतो. ऊन छपराने आपल्या अंगावर घ्यावे आणि खालच्या खोलीला सावली द्यावी, हेच त्या रचनेचे सूत्र आहे. कंटेनरवर करायचे ते एवढेच.

चारही कोपऱ्यांवर चौकोनी पाइपचे खांब उभे करून त्यांवर एका बाजूला उतरणारे वासे आणि आडव्या रिपा बसवाव्यात, आणि त्यांवर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घालावा. पेटीचा टप आणि नवा पत्रा यांत उतरत्या बाजूलाही निदान एक फूट अंतर असावे, आणि ती पोकळी सर्व बाजूंनी मोकळी राहावी. सर्व गुण या पोकळीत आहे. वरचा पत्रा तापला तरी त्याच्याखालची गरम हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि टपावर ऊन पडतच नाही. दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटवले किंवा पोकळी बंद केली, की हा लाभ बहुतांशी नाहीसा होतो. वरचा पत्रा पांढरा असावा. पैशाची अडचण असेल तर टपाला निदान चुना फासावा. चुना पहिल्या पावसात धुऊन जाईल, पण तोवर उन्हाळा निभेल.

उतार सहा फुटांस एक फूट यापेक्षा कमी नसावा, नाहीतर कोकणच्या पावसात पाणी जोडांतून मागे शिरते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर घालून मारावेत. खोलगट भागात मारलेला स्क्रू हमखास गळतो. पत्रा दाराच्या आणि खिडक्यांच्या बाजूंनी तीन-चार फूट पुढे यावा. ही पडवी शोभेसाठी नव्हे. पडवी नसली की पावसाची झड आत येते, म्हणून खिडक्या बंद कराव्या लागतात, आणि बंद पेटीत चार महिने काढावे लागतात. पडवी असली म्हणजे भर पावसातही खिडकी उघडी राहते, चूल दाराबाहेर पण कोरड्या जागी मांडता येते, आणि मुलांना बसायला जागा होते. पेटी मांडतानाच तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, तर दुपारच्या उन्हाकडे तिची अरुंद बाजू येते. या सोयीला तर एक पैसाही पडत नाही.

आतून थर्माकोल लावून देण्याची तयारी काही ठेकेदार दाखवतात. ती स्वीकारण्यापूर्वी विचार करावा. थर्माकोल पेट घेतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. त्यातच कंटेनरचे मूळचे दार बाहेरून बंद होणारे असते. मालासाठी ते ठीक आहे, माणसासाठी नाही. आतून उघडणारे दार आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पडण्याची वाट, या दोन गोष्टी छपराच्याही आधी मागितल्या पाहिजेत.

वाऱ्याचा हिशेब

छप्पर घातले की वारा ते उचलू पाहतो, आणि पडवी जितकी मोठी तितका त्याचा हात मोठा. भारतीय मानक संहितेत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. पडवीसह छप्पर २५ चौरस मीटरचे असेल, तर ढोबळ मानाने तीन टनांची उचल झाली. तात्पुरत्या शेडसाठी संहिता काही सवलत देते. ती घेतली तरी दीड टनाच्या घरात जोर राहतो. रिकाम्या पेटीचे स्वतःचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते. म्हणजे छप्पर पेटीला घट्ट बांधले एवढ्याने काम संपत नाही. पेटी कॉंक्रीटच्या पायांवर ठेवून तिचे खालचे चारही ठोकळे बोल्टने जमिनीशी जखडले पाहिजेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. सुटलेला पत्रा शेजारच्या पेटीतील माणसाचा जीव घेऊ शकतो.

या साऱ्याला लागते काय? अंदाजे तीनशे ते साडेतीनशे किलो लोखंड व पत्रा, थोडे कॉंक्रीट, आणि दोन वेल्डरांचे काही दिवसांचे काम. शेकडो टन सळई रचल्या जाणाऱ्या आवारात हे परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने आपला हिशेब कामगारांपुढे मांडावा.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. कंटेनरवर छप्पर मागणे म्हणजे माणसाने कंटेनरमध्ये राहावे हे मान्य करणे नव्हे काय? पक्क्या घराची मागणी सोडून पेटी सुशोभित करण्याच्या मागे चळवळीने का लागावे?

या आक्षेपात तथ्य आहे, कारण ‘तात्पुरते’ या शब्दाने गरिबांना पुष्कळदा फसवले आहे. मुंबईच्या संक्रमण शिबिरांत काही काळापुरती म्हणून गेलेली कुटुंबे तेथेच म्हातारी झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांना पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागले, तेव्हा पत्रा उन्हात काय करतो ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बांधकामाच्या आवारात तर ही तात्पुरती स्थिती कामगाराबरोबर फिरत असते. एक इमारत पुरी झाली की पेटी क्रेनने उचलून दुसऱ्या साइटवर जाते आणि तोच माणूस पुन्हा तिच्यात राहायला जातो. इमारतीच्या दृष्टीने पेटी तात्पुरती असते. त्या माणसाच्या आयुष्याची मात्र वीस-वीस वर्षे तिच्यात जातात.

परंतु नेमके याच कारणासाठी दुसऱ्या छपराची मागणी आज करणे आवश्यक आहे. पक्क्या घराचा लढा लांबचा आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. मात्र तो जिंकेपर्यंत येणाऱ्या प्रत्येक उन्हाळ्यात कोणीतरी त्या पेटीत झोपणार आहे. त्याला ‘व्यवस्था बदलेपर्यंत थांब’ असे सांगण्याचा अधिकार पंख्याखाली निजणाऱ्याला पोहोचत नाही.

मागणी कशी लिहावी

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या ३४ व्या कलमात, काम चालू असेपर्यंत कामगारांना मोफत तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. स्वयंपाक, आंघोळ, धुणे आणि शौच यांच्या सोयींचाही त्यात उल्लेख होता. हा कायदा २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहितेत विलीन करण्यात आला. पण मूळ कलमातही निवाऱ्याला सावली असावी असे कोठे म्हटले नव्हते. ती उणीव कामगारांच्या करारानेच भरून निघू शकते.

म्हणून निवेदनात ‘उष्णतेपासून संरक्षण’ हे मोघम शब्द लिहू नयेत. राहण्याच्या प्रत्येक पेटीवर निदान एक फूट मोकळी पोकळी ठेवून स्वतंत्र छप्पर, दार व खिडक्यांच्या बाजूंना चार फुटांची पडवी, समोरासमोर खिडक्या, आतून उघडणारे दार आणि दुसरी वाट, जमिनीशी बोल्टने जखडलेली पेटी, एका पेटीत राहणाऱ्या माणसांची ठरलेली संख्या, आणि हे सर्व मार्चपूर्वी, ठेकेदाराच्या खर्चाने, मजुरीत कपात न करता. एवढी कलमे लिहावीत, आणि खाली मापांसह एक साधे रेखाचित्र जोडावे. साइटवरच्या कामगारांतच वेल्डर असतो, फिटर असतो. रेखाचित्र त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. दुसऱ्यांसाठी वीस-वीस मजले उभे करणाऱ्या माणसांना आपल्या डोक्यावरचे छप्पर कसे असावे हे उत्तम कळते. आजवर ते त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच.

करार झाल्यावरही काम संपत नाही. छप्पर झाल्यानंतर पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी दुपारी कार्यकर्त्याने त्या पेटीत जाऊन निदान तासभर बसावे, आणि रात्री पुन्हा एकदा आवारात चक्कर मारावी. बाहेर जमिनीवर अजूनही पथाऱ्या पडलेल्या दिसल्या, तर मागणी पूर्ण झालेली नाही असे समजावे.